तारेवरची सुरी

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीत भाषा बदलायला गाव बदलावं लागत नाही. गोंडी, माडिया, तेलुगू आणि मराठी या चारही इथल्या बाजारात घासाघीस करतात आणि एकमेकींचे शब्द परत न करण्याच्या बोलीवर उसने नेतात. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होऊन झालेली प्राणहिता गावाच्या कडेने वाहते. पलीकडे तेलंगण, म्हणजे जुना आदिलाबाद जिल्हा. सरकारी नकाशावर नदी दोन राज्यांची हद्द आहे. गाण्यांनी मात्र ती कधी मानलेली दिसत नाही.

रेला हे नाचगाणं घ्या. कमरेत हात गुंफून बायापोरींची रांग फिरू लागते, एक जण ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात. ओळ टाकणारी त्यात आज सकाळी घडलेलं काहीही घालू शकते: हरवलेली शेळी, न आलेली बस, नव्या फॉरेस्ट गार्डची मिशी. तेलुगूत रेला म्हणजे बहावा. हाच शब्द पुढे तेलुगू दूरचित्रवाणीवरच्या लोकगीतांच्या कार्यक्रमाचं नाव झाला. सूर जंगलातून स्टुडिओत गेला, आणि तिथून मोबाइलवर बसून परत जंगलात आला.

दुसरा आवाज किंगरीचा. तीन तारा, घोड्याच्या केसांचा गज आणि मांडीला टेकवून वाजवणारा परधान. परधान हे गोंडांचे पिढीजात गवई. यजमान गोंड कुळांच्या देवांच्या, राजांच्या, भावबंदकीच्या कथा यांच्या गळ्यात. मंडल्याकडे त्यांच्या वाद्याला बाना म्हणतात, आदिलाबादेत किक्री. १९४० साली जोडेघाटात गोंडांचा बंडखोर पुढारी कोमराम भीम मारला गेला. गोंडांचं दुखणं काय, हे त्यानंतर निजाम सरकारला समजून घ्यावंसं वाटलं आणि ख्रिस्तोफ फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादच्या मारलवाईत येऊन राहिला. त्याने एक गोष्ट नोंदवून ठेवली, ती मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. तिथले परधान गोंडांच्या कथा गोंडीत गात, पण त्यांच्या घरात बोलली जाई मराठी. चुलीपाशी एक भाषा आणि किंगरीवर दुसरी.

दुसऱ्याच्या घरची स्मृती आपल्या गळ्यात सांभाळणारा हा गवई डोळ्यांपुढे ठेवला की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचं एक रेल्वे स्टेशन फार लांब वाटत नाही.

मिसिसिपी राज्यातलं टटवायलर. साल १९०३च्या सुमाराचं. डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला कृष्णवर्णीय बँडमास्तर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत पेंगला होता. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरीचं पातं दाबून वाजवत होता. पातं सरकलं की सूर तुटत नव्हता, घसरत होता. आपण त्याला मींड म्हणू. तो माणूस एकच ओळ तीनदा गायला, दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या ठिकाणाबद्दल. हँडीने पुढे हा प्रकार कागदावर उतरवला, १९१४मध्ये ‘सेंट लुई ब्लूज’ छापलं आणि १९४१च्या आत्मचरित्राला ‘फादर ऑफ द ब्लूज’ असं नाव दिलं. सुरीवाल्याचं नाव त्याने नोंदवलं नाही. बाप ठरला तो ऐकणारा.

त्या सुरीवाल्याचा मुलूख कापसाचा, आणि तो कापूस आपल्याही ओळखीचा. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, लँकेशरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला. १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली ती अशा उताराच्या काळात. तिकडे गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण मुक्त झालेला माणूस त्याच मळ्यावर बटईने राबत होता आणि दर हंगामाअखेरीस मालकाच्या वहीत त्याच्याच नावावर कर्ज निघत होतं. इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या मुक्त झालेल्यांच्या नातवंडांनी गायला सुरुवात केली ते ब्लूज. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, जनार्दन वाघमाऱ्यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक लिहिलं. विचारांची ये-जा सतत होती. गाण्याची कमी होती, आणि होती ती एका भलत्याच दारातून.

ते दार अरुण कोलटकरांचं.

कोल्हापुरात जन्मलेला, मुंबईत जाहिरातींची चित्रं आखणारा, ‘जेजुरी’ लिहिणारा हा कवी. आवडते लेखक-कवी कोण, असं एका मुलाखतीत विचारल्यावर त्याने नावांचा असा काही ओघ सोडला की विचारणाऱ्याला पळता भुई थोडी व्हावी. त्यात ज्ञानेश्वर, जनाबाई, तुकाराम आहेत, रामजोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव आहेत, बहिणाबाई चौधरी आणि भजनी गवई बळवंतबुवा आहेत. आणि त्याच पंगतीत रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, लेडबेली, हाउलिन वुल्फ, जॉन ली हूकर, लाइटनिन हॉपकिन्स बसले आहेत. प्रश्न लेखकांबद्दल होता. कोलटकरांच्या लेखी हे सहाही गवई लेखकच होते. स्वतः ते पखवाज शिकले, गिटार घेऊन बसले, इंग्रजीत गाणी लिहिली. त्यातली काही त्यांच्या मृत्यूनंतर २००९मध्ये ‘द बोटराइड’ या संग्रहात आली.

ही यादी हाताशी धरून चालायला हरकत नाही. समीक्षकांनी केलेल्या ‘महान शंभर’च्या याद्यांपेक्षा ती बरी आहे.

आधी या गाण्याची चौकट. चार-चार मात्रांची बारा आवर्तनं. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी ओळ पहिल्या दोघींना उत्तर देणारी किंवा त्यांची टोपी उडवणारी. प्रत्येक ओळीनंतर जागा मोकळी, तिथे गिटार झील धरते. गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी लोंबकळत ठेवलेला. गोंधळातला झीलकरी ज्याने ऐकला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जात्यावरची ओवी ऐकलेल्यालाही नाही, कारण दळणारी बाई ओळ घोळवते ती पुढची सुचेपर्यंत. ओळी कुणाच्याच मालकीच्या नसत. टेक्ससमधली ओळ मिसिसिपीत जाऊन वेगळ्या गाण्यात राहायला लागे आणि तिचा मूळ पत्ता कुणी विचारत नसे. रेलातही हेच चालतं. गवयाचं मोठेपण नवी ओळ रचण्यात जितकं, तितकंच जुनी ओळ कुठे ठेवायची या अकलेत.

रॉबर्ट जॉन्सन या अकलेचा राजा. जन्म १९११. नोव्हेंबर १९३६मध्ये सॅन अँटोनिओत आणि जून १९३७मध्ये डॅलसमध्ये त्याने मिळून २९ गाणी मुद्रित केली. १६ ऑगस्ट १९३८ रोजी ग्रीनवुडजवळ सत्ताविसाव्या वर्षी तो मेला. चव्हाट्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून त्याने गिटार मिळवली अशी दंतकथा आहे, आणि ती मुळात टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गवयाबद्दल सांगितली जाई. वेताळ आणि चव्हाटा आपल्याकडेही आहेत, त्यामुळे कथा लगेच पटते. तिच्यापायी खरी गोष्ट झाकोळते, ती अशी की हा पोरगा तबकड्या ऐकून शिकणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतला होता. सन हाऊस या वडीलधाऱ्या गवयाला त्याने प्रत्यक्ष पाहिलं होतं, पण लेरॉय कारसारखे लांबच्या शहरातले गवई त्याला तबकडीतून मिळाले. पियानोचा डावा हात करतो ते काम त्याने गिटारच्या खालच्या तारांवर उतरवलं. एक माणूस वाजवतोय आणि दोन ऐकू येतायत, हा त्याचा चमत्कार. १९६१मध्ये कोलंबियाने त्याची गाणी एका एल.पी.वर काढली आणि इंग्लंडातल्या एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स यांच्यासारख्या पोरांनी ती झिजेपर्यंत ऐकली. मेलेल्या माणसाचे इतके शागीर्द क्वचितच झाले असतील. ग्रीनवुडच्या आसपास त्याच्या थडग्याचे तीन दगड आहेत.

लेडबेली, म्हणजे हडी लेडबेटर, तुरुंगात सापडला. १९३३मध्ये लोकगीतं गोळा करणारा जॉन लोमॅक्स आणि त्याचा तरुण मुलगा ॲलन गाडीत ध्वनिमुद्रणाचं जडच्या जड यंत्र घालून लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात गेले, तिथे बारा तारांची गिटार वाजवणारा हा कैदी होता. सुटल्यावर लोमॅक्सने त्याला शहरांतून फिरवलं. त्यात कौतुक होतं आणि सर्कसही. कार्यक्रमांत कैद्याच्या कपड्यांचा खेळ झाला, पैशांवरून दोघांचं बिनसलं. लेडबेली डिसेंबर १९४९मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी ‘गुडनाइट आयरीन’ दुसऱ्यांच्या आवाजात अमेरिकाभर गाजलं. त्याचंच ‘रॉक आयलंड लाइन’ घेऊन लॉनी डोनेगनने इंग्लंडात १९५६मध्ये धुमाकूळ घातला. स्वस्त गिटारी घेऊन गल्लोगल्ली पोरांच्या टोळ्या निघाल्या. त्यातल्या लिव्हरपूलच्या एका टोळीचं पुढे बीटल्स झालं.

मडी वॉटर्सचं मूळ नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड. ऑगस्ट १९४१मध्ये ॲलन लोमॅक्स स्टोव्हॉल मळ्यावर आला, त्याने रॉबर्ट जॉन्सनबद्दल विचारणा केली आणि जॉन्सन मेल्यामुळे त्याला ट्रॅक्टर चालवणारा हा जवान मिळाला. मडीने आपला आवाज तबकडीवर परत ऐकला आणि आपण गवई आहोत हे त्याला बाहेरून कळलं. दोन वर्षांत त्याने शिकागो गाठलं. तिथे दारूच्या गुत्त्यांत इतका कालवा की साधी गिटार ऐकूच येईना. मग विजेची गिटार आली, माउथ ऑर्गन मायक्रोफोनला चिकटला, ड्रम आले, आणि मळ्यावरच्या एकट्याच्या गाण्याची टोळी झाली. १९५०च्या त्याच्या ‘रोलिन स्टोन’वरून एका इंग्रज टोळीने आपलं नाव ठेवलं.

त्या १९४१च्या दौऱ्यात लोमॅक्सबरोबर जॉन वर्क हा फिस्क विद्यापीठातला कृष्णवर्णीय संगीतज्ञ होता. गाणी लिहून घेण्याचं, टिपणं काढण्याचं काम त्याचं. त्याचं लेखन हरवलं, आणि ग्रंथरूपाने आलं ते थेट २००५मध्ये. तोवर कीर्ती एकट्या लोमॅक्सची. आपल्याकडे याला जोड आहे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून, पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या व्हेरिअर एल्विनबरोबर मंडल्याच्या गोंडांत जाऊन राहिलेले शामराव हिवाळे. १९३५चं ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ दोघांचं. १९४६मध्ये परधानांवर एक अख्खा ग्रंथ हिवाळ्यांनी एकट्याने लिहिला. एल्विनचं चरित्र पुस्तकांच्या दुकानात मिळतं. हिवाळे तळटिपेत सापडतात. परधानांच्या गाण्यावर मराठी माणसाने केलेलं इतकं मोठं काम मराठीत चर्चेलाही येऊ नये, याचं आश्चर्य वाटायला हवं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जमवलेल्या लाखभर जात्यावरच्या ओव्यांचं नशीब त्या मानाने चांगलं. त्यातल्या कितीतरी आज इंटरनेटवर आवाजासकट ऐकता येतात.

हाउलिन वुल्फ हा सहा फूट तीन इंचांचा, रेताड आवाजाचा चेस्टर बर्नेट. डॉकरीच्या कापूसमळ्यावर त्याला गिटार शिकवली चार्ली पॅटनने, ज्याला डेल्टा ब्लूजचा मूळपुरुष म्हणतात. गिटार डोक्यामागे धरून वाजवणं, आवाज खरवडून काढणं हे पॅटनचंच. १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सना अमेरिकन टेलिव्हिजनवर बोलावणं आलं तेव्हा हा आमचा गुरू आला पाहिजे असा त्यांनी हट्ट धरला. वुल्फ गायला आणि ती केसाळ गोरी पोरं त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली. हिशेबाला हा माणूस चोख. वादकांच्या पगारातून बेकारी विम्याचे पैसे नियमाने भरणारा ब्लूजवाला दुसरा दाखवणं अवघड.

हूकर आणि हॉपकिन्स दोघेही बारा आवर्तनांना जुमानत नसत. हूकर डेट्रॉइटच्या कारखान्यांत झाडू मारे आणि रात्री गाई. १९४८चं त्याचं ‘बूगी चिलन’ म्हणजे एक गिटार, एक आवाज आणि लाकडावर आपटणारा पाय. स्वरसंगती जवळजवळ एकच. करार चुकवायला तो भलभलत्या नावांनी तबकड्या काढी. हॉपकिन्स ह्यूस्टनचा. लहानपणी त्याने ब्लाइंड लेमन जेफर्सनच्या मागे बसून वाजवलेलं. माईकसमोर बसल्यावर गाणं जुळवायचं आणि पैसे आधी, रोख, हे त्याचे दोन नियम. आपल्या फडावरच्या आशुकवीला तो लगेच कळला असता.

कोलटकरांच्या यादीत एक उणीव आहे. जनाबाई आहेत, बहिणाबाई आहेत, पण ब्लूजमधली एकही बाई नाही. वास्तविक या धंद्याचं दार बायांनी उघडलं. ऑगस्ट १९२०मध्ये मेमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ मुद्रित केलं, ते तडाखेबंद खपलं, तेव्हा कुठे कंपन्यांना कळलं की काळी माणसंही तबकड्या विकत घेतात. बेसी स्मिथ तर सम्राज्ञी म्हणवली गेली. १९३७मध्ये मोटार अपघातात ती गेली. थडग्यावर नावाचा दगड बसला १९७०मध्ये, आणि त्याचा खर्च केला जॅनिस जॉप्लिनने आणि लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसणाऱ्या एका बाईने. यादीत लाइबर आणि स्टॉलर ही गोरी गीतकार जोडी आहे. त्यांचं ‘हाउंड डॉग’ १९५२मध्ये पहिल्यांदा गायली बिग मामा थॉर्नटन. १९५६मध्ये एल्विस प्रेस्लीने ते गाऊन पैशांचा पाऊस पाडला. थॉर्नटनच्या अंगणात थेंबही नीट पडला नाही.

पैशांचा विषय निघाला की उसनवारीची गंमत संपते. ओळ वाऱ्यावर होती तोवर ठीक, पण तबकडीच्या लेबलावर नाव छापायचं असतं. विली डिक्सन हा शिकागोचा धिप्पाड वादक आणि गीतकार. वुल्फ आणि मडी यांची कितीतरी गाणी त्याने लिहिली. त्याने लेड झेपेलिनवर दावा लावला, १९८७मध्ये तडजोड झाली, आणि जुन्या कलावंतांचे हक्क मिळवून देण्यासाठी त्याने ‘ब्लूज हेवन’ ही संस्था चालवली. रेलाचा सूर चित्रपटात किंवा मंचावरच्या प्रचारगीतात गेला तर कुणी कुणावर दावा लावायचा? ओळ टाकणाऱ्या बाईचं नाव लेबलावर नाही, आणि लेबलही नाही.

हातावरून हात मोजले तर अंतर किती कमी आहे, हे मुंबईत दिसलं. २०११च्या फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि त्यात पंचाहत्तरीला टेकलेला बडी गाय आला. लुइझियानात बटईने शेती करणाऱ्या घरातला हा मुलगा १९५७मध्ये शिकागोला गेला, मडीने त्याला हाताशी धरलं, वुल्फच्या ‘किलिंग फ्लोअर’मागे त्याचीही गिटार आहे. मडी सन हाऊसकडून शिकला, वुल्फ पॅटनकडून. म्हणजे डॉकरीच्या पॅटनपासून वांद्र्याच्या श्रोत्यापर्यंत मध्ये माणसं दोनच.

याहून लांबचा प्रवासही झाला आहे. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि ब्लाइंड विली जॉन्सनने १९२७मध्ये मुद्रित केलेलं एक भक्तिगीतही आहे. त्यात शब्द नाहीत. नुसतं गुणगुणणं आणि तारेवर घसरणारा सूर. तोच, टटवायलरच्या सुरीचा. आपल्या तबकड्यांवर नाराज असणाऱ्या, मुद्रणाला शेवटी नकारच देणाऱ्या केसरबाई आणि रस्त्यावर गाणारा आंधळा विली ताऱ्यांमधल्या अवकाशात एकाच तबकडीवर आहेत.

इकडे प्राणहितेच्या दोन्ही काठांना मान मिळतो तो अधूनमधून. मारलवाईच्या कनक राजूंना गोंडांच्या गुस्साडी नृत्यासाठी २०२१मध्ये पद्मश्री मिळाली, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३मध्ये. हायमेनडॉर्फने काढलेली आदिलाबादची छायाचित्रं लंडनच्या सोआस संस्थेत जपून ठेवलेली आहेत. किंगरी ऐकायची तर अजून वाजवणाऱ्याकडेच जावं लागतं.

झाडीपट्टीचा विषय निघाला की शहरातून आलेला पाहुणा हमखास एक तक्रार करतो: दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांचा गोडवा गेला, आता नुसता ऑक्टोपॅडचा दणदणाट. हीच तक्रार १९५८मध्ये इंग्लंडात झाली होती. मडी वॉटर्स पहिल्यांदा तिकडे गेला तेव्हा श्रोत्यांना मळ्यावरचा गरीब, हळुवार गवई हवा होता. त्याने विजेची गिटार कडाडून वाजवली आणि रसिकांनी कानांवर हात ठेवले. पुढच्या खेपेला तो शहाणा होऊन साधी गिटार घेऊन गेला, तर तोवर पोरं बदललेली. त्यांनी विचारलं, विजेची कुठे आहे?

भाऊबीज झाली की वडसा-देसाईगंजहून नाटक कंपन्यांच्या गाड्या निघतील. गावोगाव मंडई भरेल, धान निघालेल्या बांध्यांत मंडप पडतील, होळीपर्यंत रात्री जागतील. अहेरी त्या पट्ट्याच्या दक्षिणेला, जरा आडबाजूला. इथे नाटकाइतकाच रेला आणि तेलुगू गाणी. मंचाच्या कडेला ऑर्गनवाला, तबलजी आणि ऑक्टोपॅडवर एखादा विशीतला पोरगा बसलेला असेल. पुढे हजारो माणसं, मागे जनरेटरची घरघर, आणि तिच्यावर चढून ऐकू जायचं म्हणून तो पोरगा आवाजाचं बटण आणखी थोडं फिरवेल.